बाळंतपणानंतरचा वांग : देहधर्म, दुःख आणि उपचार

गरोदरपणात स्त्रीच्या त्वचेचा रंग ठिकठिकाणी गडद होतो. स्तनाग्रांभोवतीचे वर्तुळ काळसर पडते, काखा आणि मांड्यांच्या आतल्या बाजू गडद दिसू लागतात, बेंबीच्या वर-खाली काळी रेघ उमटते, जुने तीळ आणि व्रण अधिक ठळक होतात. सुमारे नव्वद टक्के गर्भवतींमध्ये यांपैकी काही ना काही आढळते. काहींच्या गालांवर, कपाळावर, नाकावर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग पसरतात. या डागांना मराठीत वांग म्हणतात. प्रसूतीनंतर पोटावरची रेघ काही महिन्यांत फिकी होते. वांगही बहुतेकींमध्ये वर्षभरात उतरतो, पण काहींच्या चेहऱ्यावर तो अनेक वर्षे राहतो आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा गडद होतो.

वांग दुखत नाही, पसरून दुसऱ्याला लागत नाही, त्यातून कर्करोग होत नाही. त्याने देहाचे कोणतेही काम अडत नाही. तरीही बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांच्या मनाला तो लागून राहतो. यातून एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. ज्याने देहाचे काही बिघडत नाही त्याला रोग म्हणावे काय? आणि त्यावर उपचार करणे म्हणजे देहाच्या मोहात अडकणे, की खऱ्या दुःखाला दिलेले उत्तर?

रंग का बदलतो

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. टायरोसिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. हे रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून पेशींच्या केंद्रकाचे रक्षण करते. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात वाढतात. रंगपेशींना चेतवणारे संप्रेरकही वाढते. त्यामुळे या पेशी अधिक काम करू लागतात. ज्या जागी त्या मुळातच जास्त किंवा जास्त संवेदनशील असतात, त्या जागा आधी काळवंडतात.

चेहऱ्यावरच्या वांगाला संप्रेरकांइतकेच ऊनही कारणीभूत असते. अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा भाग, सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो. उष्णतेनेही वांग बळावू शकतो. घराण्यात वांगाचा इतिहास असेल तर शक्यता वाढते. गव्हाळ आणि सावळ्या वर्णाच्या लोकांमध्ये तो अधिक दिसतो, म्हणून भारतीय उपखंडात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. संततिनियमनाच्या संप्रेरकयुक्त गोळ्यांनीही तो उद्भवतो किंवा परततो. वांग असलेल्या दर दहा व्यक्तींमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात, पण पुरुषांनाही तो होतो. वांग म्हणजे केवळ मातृत्वाची खूण, हे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही.

प्रत्येक काळेपणा वांग नसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळी त्वचा दिसली तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसण्याची शक्यता असते. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीने याकडे विशेष लक्ष द्यावे. बोटांच्या सांध्यांवरचा काळेपणा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत दिसतो. सर्वांगाला काळी झाक, हिरड्यांवर डाग, सततचा थकवा आणि कमी रक्तदाब हे एकत्र आले तर अधिवृक्क ग्रंथींची तपासणी करावी लागते. हे काळेपण आतल्या बिघाडाचे चिन्ह असते. वांग तसे नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयीचा प्रश्न तात्त्विक बनतो.

डाग हा रोग आहे काय

रोग कशाला म्हणावे, यावर आधुनिक तत्त्वज्ञानात दोन मोठे पक्ष आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ ख्रिस्तोफर बूर्स यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या मताप्रमाणे रोग ही वस्तुनिष्ठ गोष्ट आहे. त्या जातीच्या, त्या वयाच्या आणि लिंगाच्या शरीराचे एखादे कार्य नेहमीच्या पातळीखाली गेले की रोग झाला. या कसोटीवर बाळंतिणीचा वांग रोग ठरणे कठीण. त्वचा संरक्षण करते, घाम सोडते, स्पर्श जाणते. डागाने यातले काहीच उणावत नाही. शिवाय गर्भवतींमध्ये रंगबदल हाच बहुसंख्यांचा अनुभव असेल, तर अपवाद ठरेल ती रंग न बदललेली स्त्री.

फ्रेंच वैद्य आणि तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये वेगळी दिशा दाखवली. प्रकृत काय आणि विकृत काय, हे सरासरी काढून ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. बदलत्या परिस्थितीत स्वतःसाठी नवी मर्यादा, नवा नियम घालून घेण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. ती आक्रसते तेव्हा आजार सुरू होतो, आणि त्याची पहिली जाणीव आजारी माणसाला होते. गर्भ वाढवणारे शरीर हे नव्या नियमावर चालणाऱ्या शरीराचे उत्तम उदाहरण आहे. रक्ताचे प्रमाण, हृदयाचे ठोके, हाडांचे सांधे, त्वचेचा रंग हे सारे त्या नियमाने बदलते. त्यामुळे गरोदर होण्यापूर्वीच्या चेहऱ्याला कायमचे प्रमाण मानून आजचा चेहरा बिघडलेला ठरवणे ही विचारातली चूक आहे.

भारतीय वैद्यकाने हा प्रश्न दुःखाच्या बाजूने पाहिला. माणसाला ज्याच्या योगाने दुःखाचा संबंध येतो ते व्याधी, अशी सुश्रुताची व्याख्या आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व्यंग या नावाने वांगाचे वर्णन येते आणि त्याची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे लहान रोगांत केली आहे. क्रोध आणि श्रम यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखाशी येऊन वेदनारहित, पातळ, काळसर मंडल उत्पन्न करतो, असे तेथे म्हटले आहे. वाग्भटाने कारणांत शोकही घेतला. या वर्णनात डाग वेदनारहित असल्याचे स्पष्ट नोंदवूनही त्याला रोगांच्या यादीत जागा दिली आहे. वेदना नसतानाही दुःख असू शकते, हे त्या वर्गीकरणाने मान्य केले.

कार्य पाहणाऱ्या आणि दुःख पाहणाऱ्या अशा दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. वांग हा देहाच्या कार्याचा बिघाड नाही, म्हणून तो असलेल्या स्त्रीला कोणी रोगी ठरवू नये. तिला स्वतःला त्याचे दुःख होत असेल, तर ते दुःख क्षुल्लक म्हणून कोणी नाकारूही नये. उपचाराचा अधिकार दुःखातून येतो. डाग दिसतो एवढ्यावरून नव्हे. यापुढचा प्रश्न असा, की हे दुःख येते कोठून.

दोष कोणाचा

देहावर उमटलेल्या खुणेचा अर्थ लावण्याची सवय सर्व समाजांत आहे. पोटावरच्या रेघेवरून किंवा चेहऱ्याच्या काळेपणावरून मुलगा होणार की मुलगी हे सांगितले जाते. डाग म्हणजे दृष्ट लागल्याचे लक्षण मानले जाते. त्वचेचे विकार पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असतात, असे कर्मविपाकाचे ग्रंथ सांगत आले. या समजुतींचा भार शेवटी स्त्रीवरच पडतो. ज्या बदलाचे कारण तिच्या पोटातले बाळ वाढवणारी संप्रेरके आहेत, त्याचा जाब तिच्या आचरणाला विचारला जातो.

खुद्द आयुर्वेदाच्या परंपरेत या वृत्तीला उत्तर आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सातव्या महिन्यात पोटावर आणि स्तनांवर उठणाऱ्या किक्किसाचा, म्हणजे ताणाच्या व्रणांचा विषय आहे. गर्भाला केस फुटतात म्हणून आईला जळजळ होते, असे स्त्रिया म्हणतात, हे ग्रंथ नोंदवतो. लगेच ग्रंथातले आचार्य आत्रेय यांचे मत येते, की तसे नाही. गर्भाच्या दाबाने दोष छातीकडे सरकतात, दाह होतो, दाहातून खाज येते आणि त्यातून व्रण उठतात. मग लेप सांगितले आहेत आणि खाजवू नये असे बजावले आहे. आजचे शरीरशास्त्र हे स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारणार नाही. विचाराची पद्धत मात्र टिकाऊ आहे: लोकसमजूत ऐकून घ्यायची, ती तपासायची, देहातले कारण शोधायचे आणि आईवर कसलाही ठपका न ठेवता उपाय सांगायचा.

संतांनी हाच प्रश्न पावित्र्याच्या अंगाने हाताळला. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने चौदाव्या शतकात विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला. देहाची उत्पत्तीच ज्या द्रव्यांतून होते त्यांना विटाळ म्हणायचे, तर निर्विटाळ देह कोणाचाही नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. प्रसूतीने स्त्रीचा देह उणा होतो, या समजुतीचा पायाच त्याने काढून घेतला जातो. बाळंतपणाच्या खुणांना कलंक मानणाऱ्या दृष्टीलाही तो तितकाच लागू पडतो.

देहाचा रंग आणि ‘मी’

रंगाच्या दुःखाचे मूळ शोधताना भारतीय दर्शनांचा एक प्रसिद्ध वाद उपयोगी पडतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभी शंकराचार्यांनी अध्यासाची चर्चा केली आहे. एकाचे धर्म दुसऱ्यावर लादून जाणणे म्हणजे अध्यास. माणूस देहाचे धर्म आत्म्यावर लादतो, हे सांगताना त्यांनी मी लठ्ठ आहे, मी कृश आहे यांबरोबर मी गोरा आहे हेही उदाहरण दिले. वर्ण देहाचा आहे. तो जाणणाऱ्याला वर्ण नाही. या भूमिकेवरून पाहिले तर मी काळवंडले हे दुःख जितके चुकीच्या ओळखीवर उभे आहे, तितकाच मी गोरी आहे हा अभिमानही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हणून वेगळे करून दाखवले आहे, तो विवेकही याच दिशेचा.

चार्वाकांनी त्याच अनुभवावरून उलटा निष्कर्ष काढला. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात त्यांचे मत असे दिले आहे, की मी लठ्ठ आहे, मी कृश आहे असे माणूस सहज म्हणतो, कारण देहाखेरीज दुसरा ‘मी’ नाहीच. या भूमिकेवरून चेहरा बदलला म्हणजे माणसाचेच काही बदलले. ज्या स्त्रीला आरशात आपण अनोळखी वाटतो, तिचा अनुभव चार्वाकांच्या बाजूने साक्ष देतो, आणि तो खोटा म्हणून बाजूला सारता येत नाही.

या वादाचा व्यवहारातला निर्णय कोणत्याही एका टोकाला लागत नाही. शंकराचार्यांच्या अद्वैताचा विवेक दुःखी माणसावर लादण्याचे हत्यार नाही; तो ज्याचा त्याने करायचा असतो. रंग देहाचा, आत्म्याचा नव्हे, हे बाळंतिणीला सुनावून घरच्यांनी मोकळे होणे हा त्या तत्त्वाचा दुरुपयोग आहे, कारण रंगावरून माणसाची किंमत करण्याचा अध्यास बहुधा पाहणाऱ्यांनीच आधी केलेला असतो. लग्नाच्या जाहिरातींत गोऱ्या वधूची मागणी होते, सून काळवंडली असे नातलग बोलून दाखवतात, आणि त्यातून स्त्रीच्या मनात रंगाचा हिशेब सुरू होतो. सावळ्या विठ्ठलाच्या रूपावर शतकानुशतके प्रेम करणाऱ्या महाराष्ट्राने आपल्या घरातल्या सावळेपणाकडे त्याच प्रेमाने पाहायला हवे, ही भक्तीचीच मागणी आहे.

बुद्धांच्या उपदेशात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण देहाला लागतो. त्यावर मन तळमळते तो दुसरा. वांगात पहिला बाण जवळजवळ नसतोच. सारे दुःख दुसऱ्या बाणाचे असते, आणि तो पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून सुटलेला असतो. म्हणून वांगाचा विचार केवळ त्वचेपाशी थांबून पुरा होत नाही.

उपचाराची तीन अंगे

चरकाने उपचाराचे तीन प्रकार सांगितले: श्रद्धेवर आधारलेला दैवव्यपाश्रय, युक्तीने आहार-औषध योजणारा युक्तिव्यपाश्रय आणि अहितकारक विषयांपासून मनाला आवरणारा सत्त्वावजय. वांगाच्या बाबतीत ही विभागणी आजही नीट लागू होते.

युक्तीच्या उपचारात पहिला उपाय थांबण्याचा आहे. संप्रेरके पूर्वस्थितीवर येतात तसा बराच रंग आपोआप उतरतो, म्हणून प्रसूतीनंतरच्या पहिल्या महिन्यांत तीव्र उपचारांची घाई नको. दुसरा उपाय उन्हापासून संरक्षण. किमान ३० एसपीएफचे, सर्व अतिनील किरणे अडवणारे सनस्क्रीन पुरेशा प्रमाणात आणि उन्हात असताना दर दोन तासांनी लावावे लागते. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दिसणारा प्रकाशही अडवते, म्हणून वांगासाठी ते अधिक उपयुक्त. पदर, ओढणी, टोपी, छत्री यांचीही मदत होते. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची पद्धत असलेल्या घरांत धग थेट चेहऱ्याला लागणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

औषधांची निवड स्तनपान लक्षात घेऊन करावी लागते. १५ ते २० टक्के अॅझेलाइक आम्लाचे मलम स्तनपानाच्या काळात सुरक्षित मानले जाते. क जीवनसत्त्वाचे लेपही वापरतात. हायड्रोक्विनोन हे वांगावरचे परिणामकारक औषध आहे, पण लावलेल्या मात्रेपैकी सुमारे ३५ ते ४५ टक्के शरीरात शोषले जाऊ शकते, म्हणून गरोदरपणात आणि स्तनपानात ते टाळतात. दीर्घकाळ लावल्यास त्यानेच त्वचेवर निळसर-काळी झाक येऊ शकते. ट्रेटिनॉइनही गरोदरपणात वापरत नाहीत. ट्रॅनेक्झामिक आम्लाच्या गोळ्या काही रुग्णांना देतात, पण त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो धोका आधीच वाढलेला असतो. रासायनिक पीलिंग आणि लेझर सावळ्या त्वचेत जपून करावे लागतात. दाह झाला तर डाग पूर्वीपेक्षा गडद होतात.

आयुर्वेदात वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा गण चरकाने दिला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ यांचा समावेश होतो. कुंकुमादी तेलाचा पाठ वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आहे. घरोघरी दुधात जायफळ उगाळून लावतात, मसुराच्या डाळीचे पीठ लावतात. सौम्य लेपाने त्वचेची आग होत नसेल तर हरकत नाही. लिंबाचा रस मात्र चेहऱ्याला लावू नये. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून डाग वाढतात.

सर्वांत मोठा धोका चिठ्ठीशिवाय घेतलेल्या मलमांचा आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे थोड्या दिवसांत चेहरा उजळवतात. देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने लावली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव येते, आणि मलम थांबवताच चेहरा भडकतो. २०१८ मध्ये भारतात अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधन आले, तरी ती लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून वापरतात. काही बेनामी उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा असतो. तो मूत्रपिंडांना आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही घातक ठरू शकतो. कार्य न बिघडवणाऱ्या डागासाठी कार्य बिघडवणारे औषध घेणे हा उपचाराच्या मूळ हेतूचा भंग आहे.

सत्त्वावजयाचा भाग औषधापेक्षा अवघड आहे, कारण तो एकट्या रुग्णाने करायचा नाही. स्त्रीने तुलनेपासून मन आवरावे, हे खरे. पण तुलना करणारी वाक्ये घरात बोलली जाऊ नयेत, ही जबाबदारी इतरांची आहे. पुरेशी झोप, आहार, बाळाच्या कामात वाटा आणि चेहऱ्याविषयी न बोलण्याचा संयम हे बाळंतिणीच्या उपचारांचेच भाग आहेत. उदासी, रडू येणे, बाळाविषयी ओढ न वाटणे असे काही दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले, तर त्याचा संबंध डागाशी जोडून थांबू नये. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जावे.

श्रद्धेचे उपाय, म्हणजे ओटी, जप, नवस, कुलदेवतेचे दर्शन, मनाला आधार देतात आणि तेवढ्यापुरते ते योग्य आहेत. डाग राहिला म्हणजे श्रद्धा कमी पडली, असा निष्कर्ष त्यांतून काढणे मात्र चूक आहे. जी श्रद्धा दुःखी माणसाला अपराधी ठरवते ती उपचार राहत नाही.

उपचार कधी योग्य

या विवेचनातून उपचाराच्या चार कसोट्या निघतात. डागाचे दुःख त्या स्त्रीला स्वतःला असावे. पती, सासर किंवा बाजार यांच्या इच्छेसाठी उपचार नसावा. उपायाने आईला किंवा बाळाला होणारी हानी डागाच्या दुःखापेक्षा मोठी नसावी. अपेक्षा खरी असावी: वांग उतरतो, पण ऊन आणि संप्रेरके यांमुळे परतू शकतो, हे वैद्याने आधीच सांगावे. आणि उपचाराचा शब्दही असा असावा की देह बिघडला आहे असे त्यातून सुचू नये.

या कसोट्या पाळल्या तर उपचार आणि स्वीकार यांत विरोध उरत नाही. कोणी स्त्री मलम लावील, कोणी लावणार नाही; दोघींचा निर्णय सारखाच विवेकी असू शकतो. बाळ वाढवताना देहाने घेतलेला रंग हा देहाचा धर्म आहे. तो ठेवायचा की उतरवायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या देहात राहणाऱ्या स्त्रीचा आहे, आणि तो निर्णय तिला लाजेविना, भीतीविना घेता यावा एवढी व्यवस्था करणे हे कुटुंबाचे, वैद्याचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.